१९५६ची ५०० सिंगल घेऊन पामीर: मार्ग, कागद, पेटी, कार्ब आणि सुटे भाग (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खडीवाट

गाडी बीएसए बी-३३, १९५६चं मॉडेल, ५०० सीसी सिंगल. मॅगडिनो (खाली मॅग्नेटो, त्याच्या डोक्यावर पट्ट्याने बांधलेला ६ व्होल्टचा डायनॅमो), अमाल मोनोब्लॉक कार्ब (कार्ब्युरेटर), ड्राय संप (तेल इंजिनाच्या केसमध्ये नाही, वेगळ्या टाकीत). इंजिन नुकतंच पूर्ण उघडून बांधलेलं आहे.

मार्ग असा डोक्यात आहे: गाडी जहाजाने इस्तंबूलला, तिथून जॉर्जिया, अझरबैजान, कास्पियन फेरीने कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, पामीर हायवे, ओश आणि शेवटी बिश्केक. साधारण ८००० किमी. हातात ४० दिवस आहेत, मे अखेरीस निघायचं.

प्रश्न:
१) ४० दिवस पुरतील का?
२) कार्ने (गाडीचा कस्टमचा कागद) लागेल का?
३) ४६०० मीटरवर हे कार्ब कसं लावायचं?
४) सुटे भाग किती आणि कोणते?

टॅपेट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

८००० भागिले ४० म्हणजे रोज २००, तेही एकही दिवस न थांबता. या इंजिनाचा सपाट डांबरी रस्त्यावर सामानासकट निवांत वेग ताशी ७० ते ७५. पळेल ९०नेही, पण तासन्‌तास त्या वेगाने ओढलं की तेल तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला त्रास होतो आणि थरथरीने ब्रॅकेटना चिरा जातात. पामीरच्या खडीवर सरासरी ताशी २५-३० धरा. सीमा ओलांडायचा दिवस हिशेबात शून्य किलोमीटरचा. दर पाचव्या दिवशी अर्धा ते एक दिवस गाडीचा: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (मॅग्नेटोतला ठिणगी पाडणारा स्विच), चेन, स्पोक, सगळे नट.

म्हणजे १९० किमीच्या हिशेबाने ४२ दिवस चालवायचे, ७ सीमांचे, ८ गाडीच्या देखभालीचे आणि ५ हातचे. झाले ६२. एकतर दिवस वाढवा नाहीतर अंतर कमी करा. रोजचं अंतर वाढवणं हा तिसरा पर्याय या गाडीला नाही.

शिक्कामोर्तब

टॅपेट यांना +१. पण मार्गातच त्याहून मोठी अडचण आहे. अझरबैजानच्या जमिनीवरच्या सीमा २०२० पासून प्रवाशांना बंद आहेत. जॉर्जियातून गाडीने आत जाता येत नाही, त्यामुळे बाकूजवळच्या अलात बंदरातली कास्पियन फेरीही हिशेबातून गेली. निघण्याआधी ताजी स्थिती पाहाच, पण आज ती उघडी धरून आखणी करू नका. (फेरी मिळाली असती तरी तिला ठरलेलं वेळापत्रक नाही. माल भरला की सुटते, आणि तोवर व्हिसाचे दिवस बंदरावर जळतात.)

इराणमार्गे जायचं तर कार्ने द पासाज लागेल. नवख्यांसाठी थोडक्यात: कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट. मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल क्लब देतो, मुदत एक वर्ष, आणि गाडीच्या किमतीच्या प्रमाणात ठेव किंवा बँक हमी ठेवावी लागते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग कस्टम फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के राहतात. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर तुम्ही गाडी त्या देशात विकली असं धरून शुल्काचा दावा येतो, आणि तो ठेवीतून वसूल होतो. शिक्का, तारीख, सही आणि नाक्याचं नाव, चारही गोष्टी खिडकीसमोर उभं राहूनच तपासा.

इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त इथे कार्ने लागतं. मध्य आशियात लागत नाही, तिथे सीमेवर तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. कझाकस्तान आणि किर्गिझस्तान एकाच सीमाशुल्क संघात आहेत, त्यामुळे त्या दोघांमध्ये गाडीसाठी वेगळी कस्टम नाही. पण आत येताना मिळालेला कागद संघाबाहेर पडताना मागतात. तो पासपोर्टइतका जपा.

आता जुन्या गाडीपुरता खास मुद्दा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर उद्याच कागदाशी पडताळा. सत्तर वर्षांत इंजिन, निदान केसचा अर्धा भाग तरी, बदललेला असणं अगदी सर्रास आहे. घरी कोणी पाहत नाही, पण कस्टमचा माणूस टॉर्च लावून एकेक अक्षर जुळवतो. सुरुवातीची अक्षरं, मधली रेघ, शून्य की ओ, सगळं. नोंदणीवर आहे तेच व्हिसाच्या अर्जात, विम्यावर, मालवाहतुकीच्या बिलावर आणि कार्नेवर आलं पाहिजे. फरक असेल तर नोंदणी दुरुस्त करून घ्यायला महिने लागू शकतात, म्हणून तयारीची सुरुवात इथून. नंबरावर पावडर कोटिंगचा जाड थर बसला असेल तर तोही आत्ताच खरवडून घ्या. आकडे वाचता आले नाहीत की नंबर खोडलाय असा संशय येतो.

शिवाय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. १९४९च्या आणि १९६८च्या करारांचे परवाने वेगवेगळे आहेत. कोणता देश कोणता मानतो ते पाहून घ्या. चीनकडे वळायचा मोह झालाच तर लक्षात ठेवा: तिथे यातला कुठलाच चालत नाही. स्थानिक एजन्सी, तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरप्लेट आणि सोबत गाइड, हे सगळं लागतं.

खडीवाट

नंबर पडताळले. चेसिस जुळतो, इंजिनाच्या नंबरात कागदावर एक आकडा चुकलेला आहे. दुरुस्तीचा अर्ज देतो.

मग मार्ग असा बदलला तर? गाडी विमानाने बिश्केकला. तिथून नारिन, ओश, सारी-ताश, मुरगाब, खोरोग, दुशान्बे, समरकंद, ताश्कंद, शिमकेंत आणि परत बिश्केक. साधारण ३५०० किमी, दिवस तेच ४०.

टॅपेट

हा मार्ग गाडीला शोभतो. दिवस पुरून उरतील, आणि उरलेले दिवस पामीरमध्ये खर्च करा. फक्त मे अखेर नको. उंच खिंडींत तेव्हा बर्फ आणि वितळलेल्या पाण्याचे ओढे असतात. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ धरा. ताजिकिस्तानच्या व्हिसासोबत पामीर भागाचा वेगळा परवाना लागतो. तो व्हिसाच्या अर्जातच मागता येतो, विसरू नका. आणि किर्गिझ-ताजिक सीमा मध्ये काही वर्षं बंद होती, तेव्हा तिचीही स्थिती निघायच्या आधी पाहा.

लाकूडपेटी

विमानाने पाठवणार असाल तर पेटीचं माप हाच खर्चाचा मुद्दा आहे. विमानवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्याचं भाडं लावतात. सूत्र: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००.

गाडी आहे तशी उभी केली तर पेटी साधारण २१५ × ८० × ११५ येईल. म्हणजे ३३० किलो. पुढचं चाक, मडगार्ड, हँडल, आरसे आणि फूटरेस्ट काढले, पुढचा ॲक्सल लाकडी ठोकळ्यात बसवला की पेटी १८५ × ६० × १०५ पर्यंत आणता येते. म्हणजे १९४ किलो. गाडी दोनशेच्या आसपास भरेल, वर पेटीचं लाकूड. म्हणजे आता भाडं खऱ्या वजनाचं, पोकळ हवेचं नाही. दोन तासांच्या कामात शंभरेक किलोचं भाडं वाचतं.

लाकडावर आयएसपीएम १५चा शिक्का हवा (उष्णतेची प्रक्रिया केलेलं लाकूड). नाहीतर उतरल्यावर पेटी अडवतात. प्लायवूडला हा नियम लागत नाही, म्हणून चौकट शिक्क्याच्या लाकडाची आणि भिंती प्लायच्या करा. खिळे नकोत, सगळे स्क्रू. तिकडे पेटी उघडताना आणि परतीला पुन्हा वापरताना त्याचा उपयोग कळेल.

पट्टे हँडलला बांधू नका, फोर्कच्या खालच्या योकला (दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या भागाला) बांधा. फोर्क पूर्ण दाबायचे नाहीत, अर्ध्यावर. पूर्ण दाबून आठवडाभर ठेवलं की सील गळायला लागतात. मागच्या चाकाला दोन बाजूंनी पाचरी.

पेट्रोल पूर्ण काढा, फ्लोटच्या भांड्यातलंसुद्धा. गाडी धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३१६६ या क्रमांकाखाली जाते आणि बहुतेक एजंट टाकी कोरडी मागतात. बॅटरी सीलबंद एजीएम घ्या, वायरी सुटवून टोकं टेपने गुंडाळा. चेन-स्प्रे, पंक्चरचं सोल्यूशन, कार्ब क्लीनर यातलं काहीही पेटीत नको. एक डबा सापडला तरी सगळी पेटी मागे राहते.

पॉइंटगॅप

मॅग्नेटोबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंजिन बांधलं म्हणजे मॅग्नेटो बांधला असं होत नाही. या मॅग्नेटोचा कंडेन्सर फिरत्या आर्मेचरच्या आत असतो, रस्त्यात बदलता येत नाही. जुन्या गुंडाळीवर शेलॅकचं (लाखेचं) आवरण असतं. तापलं की ते मऊ होऊन आत फेकलं जातं आणि आर्मेचर घासायला लागतं.

तपासायची खरी रीत: तीसेक किलोमीटर ताणून चालवा, इंजिन बंद करा, बरोबर पाच-सात मिनिटं थांबा आणि मग किक मारा. चालतं इंजिन थांबलं की सिलिंडरची उष्णता मॅग्नेटोत चढते, म्हणजे सर्वात जास्त ताप तेव्हाच असतो. थंडीत एका किकमध्ये उठणारी गाडी या वेळी उठली नाही आणि अर्ध्या तासाने पुन्हा उठली, तर कंडेन्सर किंवा गुंडाळी गेली समजा. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसणं आणि पॉइंट काळे होऊन खड्डे पडणं हेही कंडेन्सरचंच लक्षण. नवी गुंडाळी आणि नवा कंडेन्सर घालून घ्या, आणि त्यावर निदान १००० किमी घराजवळ चालवा.

पॉइंटचा गॅप ०.३० मिमी. प्लगचा गॅप मॅग्नेटोला ०.४५ ते ०.५०. कॉइल इग्निशनच्या सवयीने ०.६ ठेवला की थंडीत किक मारून पाय भरून येतो.

विजेचं दुसरं: तुमच्या गाडीच्या काळातल्या ब्रिटिश गाड्या बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असतात (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला). हल्लीचे यूएसबी चार्जर निगेटिव्ह बॉडीचे. चार्जरचा किंवा जोडलेल्या वायरीचा धातूचा भाग हँडलला टेकला की सरळ शॉर्ट. दोन्ही वायरी बॅटरीपासून आणा, मायनसवर (इथे तीच बॉडीला न जोडलेली बाजू) फ्यूज घाला आणि चार्जर रबरात बसवा. किंवा सर्किट उलट करून गाडी निगेटिव्ह अर्थ करून घ्या. मॅग्नेटोला त्याने फरक पडत नाही, फक्त डायनॅमोचं फील्ड पुन्हा फ्लॅश करावं (बॅटरीचा क्षणभर करंट देऊन ध्रुव उलटवावे) लागतं आणि रेग्युलेटर त्या जोडणीला चालतो का ते पाहावं लागतं.

डायनॅमो ६० वॉटचा. दिवे एलईडी केलेत तर फोन आणि नकाशाला सहज पुरतो. गरम हातमोजे वगैरे विसरा.

खडीवाट

फारच उपयोगी. वाचनखूण साठवली. आता कार्ब?

मेनजेट

उंचीवर काय होतं ते आधी. हवा विरळ होते, पण जेटचं (कार्बमधल्या पेट्रोलच्या तोटीचं) भोक तेवढंच. ४००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असते. जेटमधून येणारं पेट्रोल तितकं कमी होत नाही, ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणून मिश्रण साधारण २२ टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. प्लग काळा, धूर काळा, चढावर इंजिन गुदमरल्यासारखं.

अमालच्या जेटचा आकडा म्हणजे त्यातून मिनिटाला जाणारे सीसी. त्यामुळे हिशेब सरळ करता येतो. सपाटीला २०० बरोबर चालत असेल तर ३००० मीटरला १७०, ४००० ला १६५च्या आसपास, अक-बायताल खिंडीच्या ४६५५ मीटरला १६०. इतके जेट बदलत बसायची गरज नाही. २०० आणि १७० हे दोनच पुरतात, १८० तिसरा सोबतीला.

कुठे बदलायचा ते महत्त्वाचं. ओश ९६० मीटरवर, सारी-ताश ३१७० वर. ओशहून २०० वरच चढा. गाडी रिच चालेल, जोर कमी लागेल, पण नुकसान काही नाही. सारी-ताशला १७० घाला. काराकुल, अक-बायताल, मुरगाब, सगळं १७० वर. आणि खोरोगला (२१०० मीटर) पोचताच परत २००.

चढताना उशीर चालतो, उतरताना अजिबात नाही. १७० वर दुशान्बेच्या ८०० मीटरच्या उन्हात पूर्ण थ्रॉटल दिलंत तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी), पिस्टन तापून सिलिंडरला धरणार. जेट बदलला की टाकीच्या झाकणाला रंगीत टेप लावा, म्हणजे कोणता आत आहे ते पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी दिसेल.

काम दहा मिनिटांचं आहे. नळ बंद, जेट होल्डरच्या बुडाचा षटकोनी नट काढा, खाली वाटी धरा (भांड्यातलं पेट्रोल येतंच), जेट सोडवा, दुसरा लावा, फायबरचं वॉशर तेच वापरा. ते वॉशर चार जास्तीचे न्या, वाऱ्यात हरवायला एक क्षण पुरतो.

जेट फक्त पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला लागू. तुम्ही बराच वेळ अर्ध्यावर असाल, तिथे नीडल (थ्रॉटलसोबत वर-खाली होणारी निमुळती सुई) काम करते. क्लिप एक खाच वर सरकवा, म्हणजे नीडल खाली बसते आणि मिश्रण लीन होतं. आयडलसाठी पायलटचा स्क्रू. मोनोब्लॉकला तो हवेचा आहे, बाहेर काढला की लीन. अर्धा आटा पुरतो.

जोर मात्र परत येणार नाही. ४६०० ला हवा जवळपास ६० टक्के उरते, जोरही तेवढाच. म्हणून इंजिनाकडचं स्प्रॉकेट एक दात कमी लावूनच निघा. एका दाताने गिअरिंग पाच-सहा टक्के खाली येतं. मैदानात टॉप स्पीड जाईल, तो तुम्हाला नकोच आहे. चढावर क्लच न जाळता पहिला गिअर धरता येईल, हे मोलाचं.

टॅपेट

क्लचच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. उंचीवरच्या वळणांवर अर्धा क्लच धरून चढणं हा प्लेटा जाळण्याचा हमखास मार्ग.

पेट्रोलबद्दल: उझबेकिस्तानात ८० ऑक्टेनही भरावं लागू शकतं. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सातच्या आतबाहेर, त्यामुळे ते चालतं. चढावर खडखड ऐकू आली आणि हँडलवर टायमिंगचा (ठिणगीच्या वेळेचा) लिव्हर असेल तर थोडा मागे घ्या आणि गिअर खाली घ्या.

शिशाविना पेट्रोलमुळे एक्झॉस्टची सीट झिजते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा टॅपेटची नोंद ठेवा. दर वेळी गॅप *कमी* होत गेलेला सापडला तर व्हॉल्व्ह सीटमध्ये आत जातोय. गॅप वाढत असेल तर साधी झीज. दोन नोंदींतला फरकच खरं सांगतो, म्हणून वही हवी.

पाना

सुटे भाग. माझा नियम एकच: जे वाटेत कुठल्याही बाजारात मिळेल ते न्यायचं नाही, जे फक्त या गाडीचं आहे ते न्यायचं.

क्लच, थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकची केबल प्रत्येकी एक. क्लचची जास्तीची केबल जुन्या केबलीशेजारीच टाकून, दोन्ही टोकं टेप करून ठेवा. तुटली की टोकं अदलाबदल, टाकी काढावी लागत नाही. सोल्डरशिवाय बसणारे निपल सहा.

स्पोक: मागच्या चाकाला ब्रेकच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे वेगळ्या लांबीचे, त्यात आतले-बाहेरचे वाकही वेगळे. मोजून प्रत्येक प्रकारचे सहा, निपलसकट. १९ इंची ट्यूब दोन. मागच्या रिमला सिक्युरिटी बोल्ट नसेल तर लावून घ्या. कमी हवेवर टायर रिमवर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो आणि त्या ट्यूबला पंक्चर लावता येत नाही.

प्रायमरी चेनचे जॉइंट दोन, मागच्या चेनचे तीन, एक अर्धा लिंक आणि चेन तोडायचं हत्यार. मागच्या चेनचा पिच ५/८ इंच आहे. आजच्या ५२० आणि ५३० चेनचाही तोच, फरक रुंदीचा. कॅलिपरने आतली रुंदी मोजून घ्या, जुळली तर तिकडच्या बाजारातला जॉइंटही चालेल.

पॉइंटचा एक संच, मॅग्नेटोचा पिकअप आणि त्यातला कार्बन ब्रश, प्लग तीन, प्लगची वायर एक मीटर. हेड गास्केट, रॉकर बॉक्सचे गास्केट, गास्केटचा कागद एक ताव. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्याच्या स्प्रिंगा आणि कॉलेट. फ्लोट नीडल.

पाने: तुमची गाडी व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडची. १/४ व्हिटवर्थचा पाना म्हणजे १३.३ मिमी. १३ चा बसत नाही, १४ चा कडा गोल करतो. तिकडे कुणाकडेही हे पाने नसतील. ३/१६, १/४, ५/१६, ३/८, दुतोंडी, चांगल्या पोलादाचे.

पॉइंटगॅप

पिस्टन आणि रिंगा?

पाना

रिंगा हो, पिस्टन नको. पिस्टन धरला तर बहुतेक वेळा बोअरही ओरबाडलेला असतो, आणि बोअर करायचा तर मोठ्या मापाचा पिस्टन लागेल. कोणत्या मापाचा ते आधी सांगता येत नाही. तो भाग घरी तयार ठेवा, कुणीतरी कुरिअर करू शकेल असा, पार्सलवर नंबर टाकून. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तसं नाही. तो जळाला तर हेड काढून नवा व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने सीटवर घासून अर्ध्या दिवसात गाडी उभी राहते.

लाकूडपेटी

एक राहिलं. ड्राय संप गाडी आठवडे उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून खाली केसमध्ये उतरतं. बिश्केकला पेटी उघडून टाकीत तेल कमी दिसलं म्हणून वरून भरू नका. आधी केसच्या बुडाची प्लेट काढून तेल भांड्यात घ्या, गाळा, परत टाकीत घाला, मगच किक. तसंच चालू केलंत तर धुराचा लोट, आणि दाबाने तेल सील आणि ब्रीदरमधून बाहेर. प्लेटचं गास्केट दोन न्या. मोनोग्रेड ५० किंवा २०डब्ल्यू५०, कागदी फिल्टर नसेल तर २००० किमीला बदल.

खडीवाट

शेवटचा प्रश्न. सारी-ताश ते मुरगाब २३० किमी. टाकी मोजून पाहिली, १४ लिटर.

मेनजेट

मैदानात २५ देत असेल तर तिथे २० धरा, म्हणजे २८० किमी. कागदावर पुरतं. पण रस्ता वाहून गेला आणि वळसा पडला तर नाही. पाच लिटरचा धातूचा कॅन सारी-ताशला भरा, मुरगाबला रिकामा करा, आणि खोरोगकडे निघताना पुन्हा भरा, तो टप्पा ३१० किमीचा आहे. कॅन मागच्या ॲक्सलच्या पुढे, खाली बांधा. मागे कॅरिअरच्या टोकाला बांधला तर खडीवर पुढचं चाक हलकं होतं आणि सबफ्रेमला वेल्डजवळ चीर जाते.

मुरगाबला पेट्रोल बहुधा पिंपातून, बादलीने मिळेल. नरसाळ्यात बारीक पितळी जाळी आणि वर शॅमॉय लेदर टाका. आधी पेट्रोलने ओलं केलेलं शॅमॉय पाणी अडवतं, जाळी फक्त कचरा अडवते. शेवटचा अर्धा लिटर बादलीतच राहू द्या, पाणी आणि गंज तळाला बसलेला असतो.